नऊ लाख उंबऱ्यांची मोजणी

नवलाख उंबरे हे नाव पहिल्यांदा ऐकलं की माणूस हमखास विचारतो, नऊ लाख कसले? झाडं की घरं? प्रश्न रास्त आहे, कारण मराठीत दोन्ही बसतं. उंबर म्हणजे औदुंबराचं झाड, आणि उंबरा म्हणजे दारातली ती आडवी पट्टी, जी ओलांडल्याशिवाय घरात जाता येत नाही. खेड्यात घरं मोजताना अजूनही उंबरेच मोजतात. 'आमची वाडी चाळीस उंबऱ्यांची' असं म्हणतात. झाडं धरली तर हे नाव भूगोलाचं, घरं धरली तर इतिहासाचं. आकडा कसाही धरला तरी अवाढव्यच. पण नावातच मोजणी असलेलं गाव मला आवडतं. माझी आत्या तिथे दिलेली आहे, हेही एक कारण.

मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याहून इंद्रायणी ओलांडली की हा पट्टा लागतो. पूर्वेला इंदोरी, त्यापलीकडे सुदुंबरे आणि भंडारा डोंगर. पश्चिमेला आंदर मावळ सुरू होतं. जुने लोक मावळाचे नदीवरून तीन भाग करतात: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. म्हणजे पत्ता सांगायचा तो नदीचा. आज याच गावाचा पत्ता एखाद्या मालाच्या खोक्यावर वाचला तर आधी प्लॉट नंबर येतो, मग 'एमआयडीसी, फेज टू', आणि मग कुठेतरी 'मु. नवलाख उंबरे'. मॅपवर पिन टाकली तरी आधी कंपन्या दिसतात, मारुतीचं देऊळ झूम केल्यावर.

या गावाबद्दल लिहावं असं मनात आलं तेव्हा आधी वाचायला बसले. एका छोट्या गावाचा इतिहास-भूगोल लिहायचा तर तो कसा लिहितात? आपल्याकडे कुणी लिहिलाय? हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. त्यात काही आवडत्या पुस्तकांशी भांडण झालं, तेही आलंय.

मावळ म्हटलं की मराठी वाचक थेट गो. नी. दांडेकरांकडे जातो. ते तळेगावातच राहायचे, या डोंगरांची खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा लेखक सापडणं कठीण. 'माचीवरला बुधा' मी अकरावीत वाचली आणि महिनाभर त्या नशेत होते. एक म्हातारा मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि झाडापाखरांच्या सोबतीनं राहतो, बस्स, एवढंच कथानक. यंदा पुन्हा वाचली. भाषा अजूनही तशीच ओली आहे, पानापानावर पावसाचा वास येतो. पण या वेळी एक गोष्ट खटकली आणि मग खटकतच राहिली. बुधाचं सुख उभं राहतं ते माणसं कमी झाल्यामुळे. बांधावरून भांडण नाही, वाटणी नाही, सोसायटीचं कर्ज नाही, भावकी नाही. गावातून गाव वजा केलं की जे उरतं, ते म्हणजे माची.

गोनीदांना दोष द्यायचा नाही. त्यांना एका माणसाचं आणि एका जागेचं नातं लिहायचं होतं, ते त्यांनी अजोड लिहिलं. तक्रार आहे ती आपल्याबद्दल, वाचकांबद्दल. आपण बुधाचे डोळे घेऊन सगळं मावळ बघायला लागलो. जुलै-ऑगस्टमधले रील्स बघा: धुकं, धबधबा, कौलारू घर, आणि मागे बासरी. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाया त्यात दिसतात, पण रंगीत ठिपक्यांसारख्या. त्यांची रोजंदारी किती, खाचर कुणाचं, हे त्या फ्रेममध्ये बसत नाही. आणि नवलाख उंबरे तर त्या फ्रेममध्ये अजिबातच बसत नाही. तिथे किल्ला नाही, धबधबा नाही. कंपनीच्या बसेस आहेत आणि कंटेनर आहेत.

'बनगरवाडी' (१९५५) मला त्या मानानं जास्त जवळची वाटते. माडगूळकरांनी सांगणारा माणूस निवडला तो नोकरीवर आलेला पोरसवदा मास्तर. त्याचं कामच मोजायचं आहे: पटावर पोरं किती, हजर किती. मोजता मोजता तो गावात ओढला जातो. शेवटी दुष्काळानं वाडी उठते, आणि ते उठणं आपल्याला लागतं, कारण आधी मास्तरबरोबर आपणही एकेक घर धरलेलं असतं. कोण गेलं हे आपल्याला माहीत असतं. पुढे बऱ्याच ग्रामीण कथांमध्ये बोलीभाषा आली, रग आली, पण ही घरांची गणती मात्र सुटली, असं माझं मत आहे. कुणी यावर भांडायला तयार असेल तर मी आहे.

मोजणी मग केली कुणी? साहेबांनी. थॉमस कोट्स नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर. पेशवाई बुडून दोन वर्षं होत नाहीत तोवर त्यानं पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली. ती १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या अंकात छापली गेली. घरात भांडी किती, अंगावर कपडे कोणते, त्यांची किंमत काय, बहुतेक कुणबी सावकाराच्या कर्जात कसे, असं सगळं त्यात आहे. हे लोणी म्हणजे आजचं नगर रस्त्यावरचं लोणीकंद. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचं तेच गाव पुन्हा तपासून १९६० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. एका मराठी मुलखातल्या गावाचे असे दोन फोटो, एकाच कोनातून काढलेले, आणि दोन्ही इंग्रजीत.

मराठीत त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' आहे, १९१५ सालचं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, कोण कुणाला काय देतं, कोण फुकट खातं, सगळं आत्र्यांनी आतून ओळखून लिहिलंय. महसूल खात्यातला माणूस, त्यामुळे नजर कडक. फिरस्त्या जमातींबद्दल लिहिताना तर ती नजर कडकपणाच्या पलीकडे जाते, तिथे आज वाचताना अंगावर येतं. तरीही पुस्तक वाचावंच असं आहे. फक्त त्यातलं गाव कुठल्याच नकाशावर नाही. ते 'गाव' आहे, एकवचनी, सगळ्या गावांचं मिळून एक. नवलाख उंबरे त्यात शोधायला गेलात तर सापडेल आणि सापडणारही नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी एका खऱ्या गावाचं पुस्तक काढलं: 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज'. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर वगैरे सहकारी. गाव कोणतं, तर पिंपळे सौदागर. हो, तेच. जिथे आज तुमचा कुणीतरी मित्र टू बीएचकेचा हप्ता भरतोय.

हे पुस्तक कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगते. माती, विहिरी, निचरा, खत, तक्ते. मी ते तीन वेळा अर्धवट सोडलं. चौथ्या वेळी एका तक्त्यापाशी थांबले ती थांबलेच. १७७१ साली पिंपळ्यात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन. १८१८ मध्ये साडेसतरा. १९१५ पर्यंत ७. एका ओळीत दीडशे वर्षं. कुठे हुंदका नाही, विशेषण नाही. आणि ते सात एकरही सलग नाहीत: १५६ खातेदार, त्यांचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराच्याही आतले. कुणाचं वरच्या माळाला पट्टा, कुणाचं नदीकडे दोन वाफे, कुणाचा विहिरीत आणा-दोन आण्यांचा वाटा. १०३ कुटुंबांचा हिशेब मांडला तेव्हा केवळ शेतीवर धड जगणारी निघाली ८. बाहेरच्या कमाईमुळे तरलेली आणखी २८. उरलेली ६७ दरवर्षी थोडी थोडी खाली जाणारी.

भाऊबंदकीवर मराठीत किती कथा आहेत! बांध कोरणं, कोर्ट, कुऱ्हाड. त्या सगळ्या कथांच्या मुळाशी असलेली गोष्ट या तक्त्यात आहे. तुकडा एकराच्या आतला असेल तर बांध हाच त्यातला केवढा तरी भाग असतो. मग तो कोरावासा वाटणारा माणूस खलनायक राहत नाही. कथेनं जे काम करायचं, ते इथे एका साहेबाच्या तक्त्यानं केलं. म्हणून मी या पुस्तकाला गावाबद्दलच्या चांगल्या साहित्यात धरते.

पण मॅनशीही भांडण आहे, आणि ते मोठं आहे. पिंपळे सौदागर पुण्याला फार चिकटून, शहराचा परिणाम झालेलं, म्हणून दुसऱ्या पाहणीसाठी त्यांनी लांबचं गाव निवडलं, जातेगाव बुद्रुक. ते पुस्तक १९२१ मध्ये आलं. शास्त्र म्हणून हे ठीक. पण बाहेरच्या कमाईवर तरलेली ती २८ कुटुंबं म्हणजे माझ्या मते पहिल्या पुस्तकातला सगळ्यात जिवंत आकडा. गाव शहराकडे कसं झिरपतं, शहर गावात कसं शिरतं, याची सुरुवात तिथे दिसते. ती बाजूला ठेवून 'खरं गाव' शोधायला आणखी पुढे जायचं. खरं गाव असं नेहमी एक गाव पुढे असतं. गोनीदांसाठी ते माचीवर, मॅनसाठी जातेगावात, ट्रेकरसाठी रेंज जाते तिथे.

आणि गावाभोवती अशी रेघ ओढली की मावळाच्या बाबतीत तर सगळा घोटाळाच होतो, कारण मावळाचा इतिहास म्हणजे बाहेर गेलेल्या पाण्याचा इतिहास. आंदर मावळातलं पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून घाटाखाली भिवपुरीला सोडलं, वीज केली, ती मुंबईला गेली. साल १९२२. पूर्वेला इंद्रायणीत जायचं पाणी पश्चिमेला वळलं. त्याच सुमारास शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू होता, सेनापती बापटांचा. पुढे पवना धरण झालं. मग पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन जण गेले, त्यात एक बाई होती.

ते पाणी जिथे जाणार होतं त्या महापालिकेच्या हद्दीत पिंपळे सौदागर आहे. मॅनचं गाव. सात एकरांची सरासरी आता चौरस फुटांत सांगतात, तिथे टाकी भरायला मावळातलं पाणी लागतं. पिंपळ्याच्या शिवेपाशी पुस्तक बंद केलं तर पुढची ही गोष्ट दिसतच नाही. माचीवर बसून पावसाकडे बघितलं तरी दिसत नाही. पाऊस दिसतो, तो पुढे जातो कुठे ते दिसत नाही.

नवलाख उंबऱ्याची गोष्ट अशीच हद्दीबाहेर घडत आलीय. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज तळेगावपर्यंत आली, वडगावला तह करून परत गेली. शाळेत आपण तह शिकतो. फौजेला दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव स्वतःच पेटवून दिलं होतं, हे एका वाक्यात उरकतं. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे झाली. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांच्या एकेक पैशावर. १९८७ मध्ये वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 'इंद्रायणी' बाहेर पडला, तो तुमच्या कुकरमध्ये असतो. या सगळ्यात नवलाख उंबरे कुठे आहे? आसपास.

आणि मग औद्योगिक वसाहत आली. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. पेपरात 'तळेगाव प्रकल्प' असंच यायचं, पण पत्त्यात गाव आहे नवलाख उंबरे. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. त्याआधीच चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचा करार झाला होता. सीमेवर गलवान घडलं, परवानगी अडकली, करार मोडला. २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईनं तो घेतला. अमेरिका, चीन, कोरिया, सगळ्यांच्या वकिलांनी कागदावर हे नाव टाइप केलं असणार. आम्हा मराठी वाचकांना मात्र ते एखाद्या कादंबरीत किंवा कथेत भेटत नाही.

इथे मला एक लांबचं उदाहरण द्यायचंय, बेलारूसचं. दुसऱ्या महायुद्धात तिथली शेकडो खेडी जाळली गेली. २२ मार्च १९४३ ला खातिन नावाचं एक छोटं गाव माणसांसकट जाळलं. १४९ जण मेले, त्यातली ७५ मुलं. १९६९ मध्ये तिथे स्मारक झालं, त्यात गावांचं कब्रस्तान आहे. जी १८५ गावं पुन्हा वसलीच नाहीत, त्यांतल्या प्रत्येकाची माती आणि नाव. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. १९८५ पासून तिथे 'पामियात्स', म्हणजे स्मृती, या नावानं तालुक्यागणिक जाडजूड ग्रंथ निघू लागले. त्यात त्या भागाचा इतिहास-भूगोल, आणि पुढे गावागणिक मेलेल्या माणसांच्या नावांच्या याद्या. सरकारी काम, त्यामुळे सरकारला नको ते गाळलं जाण्याचा धोका त्यात आहेच. तरी पुस्तकाचा घाट बघा. वर गावाचं नाव, खाली माणसांची.

आपल्या मावळाची त्या आगीशी तुलना करायची नाही, ती होतही नाही. मला घ्यायचाय तो फक्त घाट. आपल्याकडे गाव लिहिताना नावं एका पुस्तकात जातात आणि आकडे दुसऱ्या. बुधाला नाव आहे, सातबारा नाही. मॅनच्या १०३ कुटुंबांना एकर आहेत, पण आपल्याला आठवावं असं एकही माणूस त्यात नाही. बाई तर नाहीच. कुटुंब म्हणून जे मोजलं त्यात ती बसवून टाकलेली. मावळातच खरं तर वेगळी परंपरा होती. सुदुंबऱ्याला, आत्याच्या गावाहून दोन-चार गावं पलीकडे, संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी उतरवून घेतले त्यातले हे एक, जातीनं तेली, चाकणचे. घाण्याचा हिशेब आणि अभंग, दोन्ही एकाच हातानं लिहिणारा माणूस.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले तेव्हा मॅनचा तक्ता डोक्यात होता. तिला म्हटलं, आत्या, शेतांची नावं सांग ना. तिला वाटलं कागद करायचाय कुणाला तरी. म्हणाली, "गट नंबर हवा असल तर भाऊंना विचार, मला नाय ठावं." नंबर नको, नावं हवीत म्हटल्यावर हसली, आणि मग भाजी निवडता निवडता सांगायला लागली. आंब्याचं. वढ्याकडलं. थोरलं खाचर. बामणाचं, बामण कोण ते कुणालाच माहीत नाही. म्हसरूड, जिथे म्हशी बसायच्या.

तुकडे फार झाले, शेती परवडत नाही, या मॅनसारख्यांच्या मोजणीतून वाढलेल्या काळजीचा शेवट १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यात झाला. जिथे तो राबवला तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. हेतू वाईट नव्हता. पण कागदावरचं शेत आणि तोंडातलं शेत यांची ताटातूट वाढली. थोरलं खाचर आता कागदावर जे काही आहे ते आत्याला ओळखू येणार नाही, आणि प्रत्यक्षात तिथे पत्र्याचं कुंपण आहे. माळाकडची जमीन संपादनात गेली, त्याचे पैसे वाटून आले, घरावर स्लॅब पडला, एक ट्रॅक्टर आला. माहेरच्या जमिनीवर, म्हणजे आमच्या, तिनं फार पूर्वीच हक्कसोड लिहून दिलीय. माझ्या बाबांच्या सातबारावर तिचं नाव नाही, तिच्या सासरच्या सातबारावरही नाही. गावातल्या प्रत्येक वावराचं नाव मात्र तिलाच येतं. भाऊंना, म्हणजे तिच्या यजमानांना, गट पाठ आहेत. दोघांना शेजारी बसवून लिहिलं तरच गाव पूर्ण होईल, असं त्या संध्याकाळी वाटलं, पण भाऊ टीव्हीवरची मॅच सोडून उठले नाहीत.

फोनच्या नोट्समध्ये मी सतरा नावं उतरवली. जाण्याआधी तिला वाचून दाखवली. तिनं एका ठिकाणी थांबवलं. "हीर आपली म्हणून लिवलीस व्हय? आपली नाय ती. आपला चार आणे वाटा, बाकीचा धाकल्या घराचा. तसं लिव, न्हायतर उद्या भांडनं व्हतील."

विहीर बुजली त्याला दहा वर्षं झाली. मी चार आणे लिहिलं.